कोणाची तपासणी, कधी?

जपान सोडून हवाई बेटांवर आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर स्थायिक झालेल्या जपानी लोकांमधल्या मृत्यूंच्या नोंदी विल्यम हेन्सेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी अभ्यासल्या आणि 1968 साली प्रसिद्ध केल्या. त्या काळी जपानात जठराच्या कॅन्सरनं फार माणसं दगावत, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं थोडी. अमेरिकेत नेमकं उलट होतं. स्थलांतरितांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पहिल्याच पिढीत अमेरिकेच्या पातळीकडे चढलं. जठराच्या कॅन्सरनं मात्र त्या पिढीची पाठ सोडली नाही. तो ठळकपणे उतरला तो अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाला सर्वांत आधी हीच गोष्ट सांगावी असं मला वाटतं. बोलताना 'पोटाचा कॅन्सर' म्हणून आपण जे एका गाठोड्यात बांधतो, ते दोन वेगळे आजार आहेत. जठराच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेकदा लहानपणी लागलेल्या एका जंतूपासून होते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर मोठेपणच्या राहणीचा हात जास्त असतो. दोन्ही सावकाश वाढतात आणि म्हणूनच वेळेत तपासणी करायला वाव मिळतो. पण ती कोणाची करायची, कोणत्या वयात आणि कशानं, याची उत्तरं दोघांसाठी निरनिराळी आहेत. 'एकदा सगळं चेक करून टाकू' असं म्हणून ती मिळत नाहीत.

जठरापासून सुरुवात करू. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, असं वैद्यकशास्त्र कित्येक दशकं मानत आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या तुकड्यांमध्ये वळणदार जंतू पुन्हा पुन्हा दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला. जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवायचे, तर ते काही केल्या वाढेनात. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून द्यायच्या, असा तिथला रिवाज होता. 1982 च्या ईस्टरला लागून सुट्ट्या आल्या, बशा तशाच राहिल्या आणि जास्तीच्या दिवसांत जंतू वाढले. तरीही कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा 1984 साली मार्शलनं आधी स्वतःचं जठर दुर्बिणीतून तपासून घेतलं आणि मग त्या जंतूंचं पाणी पिऊन टाकलं. काही दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली आणि पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा जठराच्या अस्तराला सूज आलेली होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी असं नाव पडलेल्या या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1994 साली कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. मार्शल आणि वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं.

हा जंतू बहुतेकदा बालपणी, घरातल्या घरात, दाटीच्या वस्तीत आणि अस्वच्छ पाण्यातून शिरतो आणि उपचार केला नाही तर जन्मभर मुक्काम ठोकतो. पुढचा प्रवास पेलायो कोरेआ या कोलंबियात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं पायरीपायरीनं मांडला: आधी अस्तराला कायमची सूज, मग अस्तर झिजून पातळ होणं, मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवणं, मग पेशींचा बिघाड आणि शेवटी कॅन्सर. या वाटचालीला दशकं लागतात आणि बहुसंख्य माणसं मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात. जंतू बाळगणाऱ्या शंभर माणसांपैकी साधारण एक ते तीन जणांनाच जठराचा कॅन्सर होतो. जंतू सापडला म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स मात्र पूर्ण करायचा. अर्ध्यावर सोडलेला कोर्स जंतूला औषध पचवायला शिकवतो.

भारतात हा जंतू घरोघरी आहे आणि तरीही देशाच्या बऱ्याच भागांत जठराचा कॅन्सर त्या मानानं कमी आढळतो. या कोड्यावर संशोधक अजून वाद घालतात. जंतूच्या जाती, आहार, माणसाची प्रतिकारशक्ती अशी वेगवेगळी कारणं पुढे येतात. मात्र आपल्याच देशात मिझोराम आहे. तिथलं जठराच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. ऐजॉलच्या घरांतून चुलीवर धुरी दिलेलं मांस खाल्लं जातं, डुकराची आंबवलेली चरबी जेवणात असते आणि 'तुईबूर' नावाचं, तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी बाटल्यांतून विकलं जातं. ते तोंडात धरून थुंकायचं असतं, पण थोडं पोटात जातंच. मीठ, धूर आणि तंबाखू यांची जठराच्या अस्तरावर काय करणी होते, याचा अभ्यास तिथे अनेक वर्षं चालू आहे. महाराष्ट्रात तुईबूर नाही, पण मशेरी, गुटखा आणि बिडी आहेत. तंबाखू म्हटलं की आपल्याला तोंडाचा कॅन्सर आठवतो. जठरालाही तिचा धोका आहे, हे फारसं कोणी सांगत नाही.

जिथे हा आजार फार आहे, त्या देशांनी सगळ्यांची तपासणी हाती घेतली. जपाननं 1960 च्या दशकापासून बेरियम पाजून एक्स-रे काढायला सुरुवात केली. गावोगाव त्यासाठी गाड्या फिरत. पुढे दुर्बीण आली. दक्षिण कोरियात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून मिळते. तैवानच्या मात्सू बेटांवर वेगळी वाट धरली गेली. 2004 पासून तिथल्या सगळ्या लोकवस्तीत जंतू शोधून त्यावर औषध दिलं गेलं आणि जठराच्या कॅन्सरचं नव्यानं होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. मला स्वतःला मात्सूचं उदाहरण कोरियापेक्षाही मोलाचं वाटतं, कारण तिथे आजार लवकर पकडण्याऐवजी तो होण्याची वाटच अडवली.

आता मोठं आतडं. इथे कॅन्सर बहुतेकदा पॉलिपमधून उगवतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अळंबीसारखा, कधी देठ असलेला तर कधी चपटा असा उंचवटा येतो. तो दुखत नाही, खुपत नाही. पॉलिप पुष्कळांना होतात, त्यांतले थोडेच बिघडतात, आणि बिघडायला साधारण दहा वर्षं घेतात. 1969 साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून, विजेच्या चटक्यानं पॉलिप कापून बाहेर काढला. त्याआधी त्यासाठी पोट उघडावं लागे. या एका युक्तीनं तपासणीचा अर्थच बदलला. स्तनाच्या मॅमोग्राफीत कॅन्सर लवकर सापडतो. आतड्याच्या दुर्बिणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, तो होण्याआधीच त्याचं मूळ काढून टाकता येतं.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी असते, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तिला घाबरतात ते माहिती नसल्यानं. एक-दोन दिवस आधी पालेभाज्या, बिया, सालं, कोंडा बंद. आदल्या संध्याकाळी, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी अर्धा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे, खारट-गुळचट चवीची पावडर दोनएक लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी प्यायची. गार करून प्यायली तर सोसवते. मग संडासच्या फेऱ्या सुरू होतात आणि शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडू लागलं की तयारी नीट झाली. सगळ्यात त्रासाचा भाग हाच. दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध देऊन डाव्या कुशीवर झोपवतात, बोटाएवढी जाड लवचिक नळी आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेतात आणि बाहेर काढताना अस्तर बारकाईनं पाहतात. बाहेर काढायला, म्हणजे खऱ्या पाहणीला, किमान सहा मिनिटं तरी द्यावीत असा जगभरचा दंडक आहे. आतडं स्वच्छ होतं का आणि नळी शेवटपर्यंत गेली का, हे रिपोर्टवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारावं. तो रुग्णाचा हक्क आहे. आतडं फाटणं किंवा रक्तस्राव होणं असे धोके क्वचित उद्भवतात. तेही आधी समजावून घ्यावेत.

कोलोनोस्कोपी सगळ्यांची करणं कुठल्याच देशाला सोपं नाही. म्हणून शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधण्याची साधी चाचणी आली. अमेरिकेतल्या मिनेसोटात 46,551 माणसांवर ती आजमावली गेली. 1993 साली निष्कर्ष आला, की दरवर्षी ही चाचणी करणाऱ्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी झाले. जुन्या चाचणीत मांस किंवा काही भाज्या खाल्ल्या तरी गफलत व्हायची. आताची 'फिट' नावाची चाचणी फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला ओळखते. घरीच काडीनं शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, बाटलीत बंद करून लॅबला द्यायचा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: जठरातून आलेलं रक्त खालपर्यंत येता येता पचून जातं, त्यामुळे फिट चांगली आली म्हणून जठर ठीक आहे असा अर्थ होत नाही. आणि फिट पॉझिटिव्ह आली तर ती पुन्हा करून बघायची नसते. कोलोनोस्कोपीच करायची असते. पुन्हा केलेली चाचणी निगेटिव्ह आली की माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच घात होतो.

कोलोनोस्कोपीचं गुणगान करताना 2022 साली प्रसिद्ध झालेला पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधला मोठा अभ्यासही सांगायला हवा. ज्यांना कोलोनोस्कोपीचं निमंत्रण गेलं, त्यांच्या गटात दहा वर्षांत आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका 18 टक्क्यांनीच कमी झाला, आणि मृत्यूंमध्ये निर्विवाद म्हणावा असा फरक दिसला नाही. पण निमंत्रण मिळालेल्यांपैकी तपासणीला आले फक्त 42 टक्के. तपासणी कितीही उत्तम असली तरी लोक आले नाहीत तर तिचा लाभ कागदावरच राहतो. लाज आणि भीती ही इथली खरी अडचण. अमेरिकेत केटी कूरिक या वृत्तनिवेदिकेचा नवरा 1998 साली बेचाळिसाव्या वर्षी या आजारानं गेला. दोन वर्षांनी तिनं स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली आणि देशभर तपासण्यांची संख्या वाढली. तिच्या या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

महाराष्ट्रात काय करायचं, हा या पुस्तकाचा मुख्य प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरतात, पण त्यात तपासणी होते ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. आतडं आणि जठर त्यात नाहीत. हे दुर्लक्ष नव्हे. भारतात आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरंच कमी आहे. मुंबईत 1963 पासून कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. या दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर शहरातलं प्रमाण खेड्यापेक्षा जास्त दिसतं. हवाईतल्या जपान्यांची आठवण इथे होतेच. बैठं काम, वाढता घेर, दारू, धूम्रपान, ताटातून हटत गेलेली भाकरी, उसळी आणि पालेभाज्या ही सगळी त्याच वाटेवरची पावलं आहेत. प्रक्रिया केलेल्या मांसाला 2015 साली कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात घातलं गेलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असा तो अंदाज आहे. त्यात बेकन आणि सॉसेज येतात तशी गोव्याची चौरीसही येते. सणावारी चाखण्याची ती वस्तू आहे, रोजच्या पावात भरायची नव्हे.

प्रमाण कमी असलेल्या ठिकाणी सरसकट सगळ्यांची दुर्बीण केली, तर हाती लागणाऱ्या कॅन्सरपेक्षा नाहक धास्ती आणि खर्चच जास्त होईल. म्हणून माझं मत असं आहे, की आपल्याकडे दोन गोष्टींवर सगळा जोर द्यावा: ज्यांना तक्रार आहे त्यांनी ती दडपू नये, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी तक्रारीची वाट पाहू नये.

पहिली गोष्ट आधी. शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर 'मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन' अशी जाहिरात असते आणि माणूस तिकडे वळतो. महिनोन्महिने मलम आणि चूर्ण चालतं. आपल्याकडे गुदाशयाचा कॅन्सर पन्नाशीच्या आतल्या माणसांनाही मोठ्या संख्येनं होतो, आणि त्यातले कित्येक नुसतं बोट घालून केलेल्या तपासणीत हाताला लागतात. त्याला ना यंत्र लागतं ना उपाशी राहणं. रक्त पडत असताना ही तपासणी न करता कोणी मूळव्याधीचं औषध देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं, हे मी स्पष्टच लिहितो. जठराच्या बाबतीत हेच 'पित्ता'चं होतं. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं पित्त, दोन घास खाऊन पोट भरल्यासारखं वाटणं, वजन उतरणं, वारंवार उलट्या, डांबरासारखं काळं शौच. यांवर रोज सकाळी आम्ल कमी करणारी गोळी घेत राहिलं, तर दुखणं दबतं आणि आजार आत वाढत राहतो. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं आणि बिटानं लाल, डॉक्टरांना ते सांगावं.) तिसरी खूण आणखी गुपचूप असते. पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं, हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेनं उतरलं असेल, तर गोळ्या देऊन ते वर आणणं पुरेसं नाही. रक्त कुठून जातंय हे शोधायला हवं, आणि ती जागा बऱ्याचदा पोटात असते.

तपासणीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पॅकेजांबद्दलही एक शब्द. रक्तातल्या सीईए आणि सीए 19-9 या 'ट्यूमर मार्कर' चाचण्या निरोगी माणसातला कॅन्सर शोधण्यासाठी नाहीत. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये त्या नॉर्मल असू शकतात आणि सिगारेट ओढणाऱ्याला कॅन्सर नसतानाही सीईए वाढलेलं निघतं. निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारावर लक्ष ठेवायला सीईएचा उपयोग आहे. ते पैसे फिटवर खर्चावेत.

आता घराण्याची गोष्ट. 1895 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, की आपण तरुणपणीच आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनं जाणार, कारण आपल्या घरात सगळे तसेच जातात. वॉर्थिननं तिच्या नातलगांची वंशावळ लिहून काढली आणि 1913 साली प्रसिद्ध केली. पुढे ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. नेब्रास्काच्या हेन्री लिंच यांनी 1960 च्या दशकात अशाच घराण्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा अनेकांनी आनुवंशिकतेची कल्पना उडवून लावली. 1993 साली त्यामागचा पहिला जनुक सापडला. आज लिंच सिंड्रोम असलेल्या घरात विशीतच कोलोनोस्कोपी सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात. जठराचंही असं घराणं आहे: न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरनं जात होती. कुटुंबानं स्वतः पुढाकार घेतला, शास्त्रज्ञांना जोडीला घेतलं आणि 1998 साली त्यांच्यातला दोषी जनुक ओळखला गेला.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईकडे होती ती माहिती आपल्यातल्या किती जणांकडे असते? 'आजोबा पोटाच्या विकारानं गेले', 'आत्याला गाठ होती', यापुढे आपली कुटुंबं जात नाहीत. लग्नं जमायची राहतील या भीतीनं पुष्कळदा मुद्दाम झाकलंही जातं. म्हणून या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाआधी एक कोरं पान सोडलं आहे. त्यावर आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही बाजूंचे रक्ताचे नातलग लिहायचे. कोणाला कोणता कॅन्सर झाला आणि निदान झालं तेव्हा वय काय होतं, हे त्यांच्या नावापुढे टिपायचं. मृत्यूचं वय नको, निदानाचं हवं. गर्भाशयाचा कॅन्सरही सोडायचा नाही. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तुमची कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू होते. भावाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाला, तर तुम्ही अडतिसाव्या वर्षी जायचं. हे गणित करण्यापुरती माहिती आज घरात कोणाला तरी आठवत असेल. फोन करून विचारून घ्या आणि मग पुढचं प्रकरण उघडा.